पायाचा जुना व्रण आणि विसरलेला पट्टा

पटकी, प्लेग, देवी ह्या रोगांचा इतिहास लिहावयास ग्रंथकारास फारसा विचार करावा लागत नाही. हे रोग गावे ओस पाडतात, सैन्ये माघारी फिरवितात, प्रसंगी राज्येही खिळखिळी करितात. तेव्हा त्यांची दखल बखरकारासही घ्यावी लागते. परंतु असेही काही रोग आहेत की जे माणसास मारीत नाहीत, केवळ वर्षानुवर्षे बसवून ठेवितात. घोट्याच्या वर, बहुधा आतल्या अंगास, पडणारा जुनाट व्रण हा त्यांपैकीच एक होय. तो प्रथम रुपयाएवढा असतो, मग तळहाताएवढा होतो. महिनोन्महिने पाझरतो, कधी भरत आल्यासारखा दिसतो, आणि आठ दिवस उभ्याने काम केले की पुन्हा उकलतो. घरची माणसे आधी कळवळतात, मग कंटाळतात, आणि दुर्गंधी सुटू लागली म्हणजे रोग्याचे अंथरूण हळूच बाजूस सरकविले जाते. अशा भिजत घोंगड्याचा इतिहास कोण लिहिणार?

तथापि तो लिहिण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते. ह्या व्रणांपैकी बहुसंख्य व्रणांवरचा मुख्य उपाय शस्त्रवैद्यांस निदान साडेचारशे वर्षांपूर्वी सापडला होता. त्यास ना दुर्मिळ वनस्पती लागत होती, ना महागडे यंत्र. असे असूनही तो पुनःपुन्हा सापडला व पुनःपुन्हा विस्मृतीत गेला. ज्ञान मिळविणे कठीण, हे सर्वच जाणतात. मिळालेले ज्ञान टिकविणे त्याहून कठीण कसे, हे ह्या क्षुद्र वाटणाऱ्या रोगाच्या कथेत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

आरंभ आपल्या घरापासून करू. सुश्रुतसंहितेत व्रणाचा विचार ज्या विस्ताराने केला आहे तो पाहून आजचा शस्त्रवैद्यही थबकतो. शरीरातील दोषांनी होणारा व्रण निराळा व बाहेरील आघाताने होणारा निराळा, असा भेद करून सुश्रुताने व्रणचिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले. त्यांत शोधन आहे, रोपण आहे, जळवा लावून रक्त काढणे आहे. इतकेच काय, पण व्रण भरून आल्यावर त्या जागेचा रंग आसपासच्या त्वचेशी मिळता करणे व तेथे पुन्हा केस उगविणे, हेही आहे. म्हणजे व्रण मिटला की वैद्याचे काम संपले, असे सुश्रुत मानीत नाही. त्वचा पूर्ववत् होईपर्यंत त्याची जबाबदारी चालूच असते. दीर्घ काळ टिकून राहणे हे त्याने दुष्ट व्रणाचे एक लक्षण म्हणून नोंदविले. पट्टे बांधण्याचे चौदा प्रकार सांगून त्यांतील अनुवेल्लित नावाचा वेढे घेत जाणारा बंध त्याने हातापायांसाठी नेमून दिला. आणि कोणत्या अंगास बंध घट्ट, कोणत्यास मध्यम व कोणत्यास सैल असावा, हेही ठरवून दिले. व्रणी माणसाने फार वेळ उभे राहू नये व हिंडू नये, हा नियमही त्याच्याच ग्रंथात सापडतो. ह्यावरून सुश्रुतास रुधिराभिसरण ठाऊक होते असे अनुमान काढण्याचा मोह कोणी धरू नये. ते त्यास ठाऊक नव्हते. परंतु त्याचा हात व त्याचा डोळा रोग्याच्या पायावर होता, आणि म्हणूनच त्याने सांगितलेले पुष्कळसे आजही वाया गेलेले नाही.

ग्रीक वैद्यांसही हेच दिसले होते. हिपॉक्रेटीजच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात व्रणांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पायावर व्रण असता उभे राहणे अहितकर होय, असे त्यात बजावले आहे. मात्र पुढे गेलनच्या परंपरेत ह्या निरीक्षणावर एका तत्त्वाचे ओझे येऊन बसले. शरीरात चार रस आहेत, त्यांतील दूषित रस खाली उतरतात व पायाच्या व्रणावाटे बाहेर पडतात, असे ते तत्त्व. एकदा हे मान्य केले की व्रण हा रोग न राहता मोरी बनतो. मोरी बुजविली तर घाण घरात साचणार. तेव्हा जुना व्रण बरा करणे म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळ, हा सिद्धान्त ओघानेच आला. युरोपात ही समजूत इतकी रुजली की धडधाकट त्वचेस मुद्दाम छिद्र पाडून, त्यात वाटाण्याचा दाणा बसवून, ते वाहते ठेवण्याची रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती.

ह्या समजुतीचा सर्वांत प्रसिद्ध रोगी म्हणजे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. त्याच्या पायांचे व्रण उत्तरायुष्यात त्यास कधीच पुरते सोडून गेले नाहीत. मे १५३८ मध्ये व्रणाचे तोंड मिटले, तेव्हा राजाचा चेहरा काळवंडला, वाचा बंद झाली व प्राणांवर बेतले, असे फ्रेंच वकिलाने आपल्या दरबारास कळविले. आणि आतील रसांस वाट न राहिल्यामुळे हे घडले, असे त्याचे कारणही त्याने दिले. राजाचा स्वभाव पाहता त्याने वैद्यांवर सर्वस्वी विसंबून राहणे शक्यच नव्हते. स्वतः राजाने व त्याच्या वैद्यांनी योजलेल्या लेपांची व मलमांची एक हस्तलिखित वही लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहे. राज्यातील उत्तमोत्तम वैद्य, हवी ती द्रव्ये, मलमांच्या शेकड्यावर कृती! आणि १५४७ मध्ये राजा वारला तो व्रणांसह वारला. त्याच्या व्रणांचे मूळ कशात होते ह्याविषयी विद्वानांत आजही वाद आहे. परंतु त्याच्या काळचे सारे शास्त्र व्रणाच्या पृष्ठभागावरच घुटमळत होते, ह्याविषयी वाद नाही.

ह्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी घडलेली गोष्ट पाहा. १५५३ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने एस्दँचा किल्ला घेतला व आत असलेला फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे शत्रूच्या हाती सापडला. हा मूळचा न्हावी-शस्त्रवैद्यांच्या जमातीतला; लॅटिन न येणारा, म्हणून पॅरिसच्या पदवीधर वैद्यांनी हिणविलेला. शत्रुपक्षाच्या एका किल्लेदाराच्या पायास सहा-सात वर्षांचा जुना व्रण होता. तो बरा केलास तर खंडणीवाचून सोडून देईन, असा करार ठरला. पारेने जी चिकित्सा केली तीत महत्त्वाचा भाग होता तो पावलापासून वर गुंडाळीत नेलेल्या पट्ट्याचा. व्रण भरू लागला, शब्द पाळला गेला व पारे घरी परतला. ज्या व्रणाने राजास जन्मभर छळले तशाच व्रणाने एका कैद्यास मुक्ती दिली, हा योगायोग मौजेचा खराच. परंतु तत्त्व लक्षात घ्यावयाचे ते असे की, राजाच्या वैद्यांनी व्रणावर काय लावावे हे पाहिले, आणि पारेने व्रणाच्या खाली व वर काय बांधावे हे पाहिले.

पट्ट्याने व्रण का भरतो, हे पारेस सांगता आले नसते. त्याचे उत्तर मिळण्यास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. पादुआचा शारीरशास्त्रज्ञ फॅब्रिसियस ह्याने १६०३ मध्ये नीलांमधील झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. परंतु त्या झडपा कशासाठी आहेत हे त्यास नीट उमगले नाही. ते उमगले त्याचा शिष्य विल्यम हार्वी ह्यास. १६२८ मध्ये हार्वीने रुधिराभिसरण सिद्ध करून दाखविले, आणि नीलांच्या झडपा रक्तास हृदयाकडे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १६७६ मध्ये दुसऱ्या चार्ल्सचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइझमन ह्याने हे ज्ञान पायाच्या व्रणास लावले. नीला फुगली की तिच्या झडपांची तोंडे एकमेकांस भिडत नाहीत, रक्त खाली साचते, व त्यापायी व्रण पडतो, असा विचार त्याने मांडला. आणि उपाय म्हणून नाडीने आवळून बांधावयाचा कातडी मोजा वापरला.

येथे थोडे थांबून ही गोष्ट आजच्या भाषेत सांगणे अवश्य आहे, कारण साऱ्या इतिहासाची किल्ली तीच होय. आपण उभे राहतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचा भार घोट्याजवळच्या नीलांवर पडतो. तो पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका असतो. निरोगी माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू आवळून सैल होतात, रहाटाने पाणी ओढावे तसे रक्त वर ढकलले जाते, आणि हा भार ३० च्या खाली येतो. झडपा निकामी झाल्या, किंवा खोल नीलेत रक्ताची गुठळी होऊन गेली, म्हणजे वर ढकललेले रक्त पुन्हा खाली येते; माणूस चालो वा उभा राहो, भार उतरत नाही. मग बारीक केशवाहिन्यांतून द्रव व रक्तकण ऊतीत झिरपतात. रक्तकणांतील लोहाने त्वचा तपकिरी पडते, खाजते, खवलते, पुढे लाकडासारखी कठीण होते. आणि अशा त्वचेस डासाचा चावा किंवा खाटेच्या खुराचा निसटता धक्काही पुरतो. व्रण दिसतो घोट्यापाशी, पण बिघाड असतो वरच्या झडपांत. त्यावर केवळ मलम चोपडणे म्हणजे रोग रेड्याला व औषध पखालीला! पट्टा मात्र बाहेरून दाब देऊन फुगलेल्या नीला आवळतो, पोटरीच्या स्नायूस टेकण देतो, व रक्त वर चढवितो.

वाइझमनच्या ग्रंथानंतर हा प्रश्न सुटला असेल, असे वाचकांस वाटेल. तसे झाले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील रुग्णालयांच्या खाटा पायाच्या व्रणांनी अडलेल्या होत्या, आणि जुना व्रण बरा करावा की करू नये ह्यावरच शस्त्रवैद्य अद्यापि वाद घालीत होते. १७९७ ह्या एकाच वर्षी ह्या विषयावर दोन पुस्तके निघाली. एक लंडनच्या एव्हरार्ड होमचे. त्यात व्रणांचे वर्ग पाडून कोणत्या वर्गास कोणते द्रव्य लावावे ह्याचा ऊहापोह होता. दुसरे ब्रिस्टॉलच्या टॉमस बेंटनचे. त्यात चिकट लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या पायाभोवती ताणून बसविण्याची व वरून पट्टा गुंडाळण्याची कृती होती. बेंटनच्या पद्धतीचा मोठा विशेष असा की रोग्यास खाटेवर पडून राहावे लागत नसे. तो हिंडेफिरे, आपले काम करी, व व्रण भरत जाई. ज्याचे पोट हातावर आहे त्यास महिनोन्महिने झोपून राहा म्हणणे म्हणजे उपाशी राहा म्हणणेच होय. बेंटनने ह्या माणसाचा विचार केला होता.

असे असता एकोणिसाव्या शतकात हा उपाय सर्वत्र का पसरला नाही? आमच्या मते ह्याची कारणे तीन. पहिले, रोगी गरीब होते. धोबिणी, विणकर, स्वयंपाकी, हमाल, अनेक बाळंतपणांनी थकलेल्या स्त्रिया, असे उभ्याने राबणारे लोक ह्या रोगाचे धनी. त्यांच्या पायांत नाव मिळविण्याजोगे काही नाही, म्हणून थोर शस्त्रवैद्य ते काम उमेदवारांच्या हाती सोपवीत. दुसरे, व्रण मारीत नसल्यामुळे घाई कोणासच नव्हती. तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. मलम डबीत भरून विकता येते. पट्टा बांधणे मात्र हाताने हातास शिकवावे लागते. बोटांपाशी आरंभ करावा, टाच झाकावी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवावा, घोट्याशी ताण अधिक व गुडघ्याकडे कमी ठेवावा. हे वाक्य वाचून कोणासही पट्टा बांधता यावयाचा नाही. सैल बांधला तर तो निरुपयोगी, वेडावाकडा आवळला तर अपायकारक. चांगला हात मेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाते, आणि पुढच्या पिढीस पुस्तकात केवळ पट्ट्याचे नाव उरते.

मलमाचे भाग्य कसे असते ते पाहावयाचे असल्यास टॉमस हॉलोवेचे उदाहरण घ्यावे. ह्या गृहस्थाने १८३७ मध्ये लंडनात आपले मलम विकावयास काढले. जाहिरातींत पायाच्या जुन्या व्रणांस अग्रस्थान असे, आणि त्या जाहिराती जगभरच्या वृत्तपत्रांत झळकत. मलमाच्या व गोळ्यांच्या विक्रीवर त्याने एवढी संपत्ती मिळविली की त्याच्या पैशाने उभारलेल्या स्त्रियांच्या महाविद्यालयाचे उद्घाटन १८८६ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने केले. ती संस्था आजही नामांकित आहे, आणि तिच्यासाठी हॉलोवेस दुवा देणे योग्यच होईल. परंतु बेंटनचे नाव आज कोणास ठाऊक आहे?

असो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही निराळे प्रयत्न झाले. १८६९ मध्ये पॅरिस येथे रेव्हर्दँ ह्याने निरोगी त्वचेचे बारीक कण व्रणावर रुजवून दाखविले. शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्गचा त्वग्रोगवेत्ता पाउल उन्ना ह्याने जस्तभस्म, जिलेटिन व ग्लिसरीन ह्यांच्या खळीत भिजविलेला पट्टा प्रचारात आणला. तो वाळला की पायाभोवती मोज्यासारखा बसे, म्हणून त्यास उन्नाचा बूट म्हणू लागले. उन्नाची दृष्टी त्वग्रोगवेत्त्याची असल्यामुळे त्याचे लक्ष व्रणाइतकेच भोवतालच्या खाजऱ्या, चिघळलेल्या त्वचेकडेही होते. जस्ताने ती त्वचा निवे आणि पट्ट्याने रक्त वर चढे. लेप व बंध ह्यांचे भांडण अशा रीतीने प्रथमच मिटले. १९१७ मध्ये बोस्टनच्या जॉन होमन्सने, वरच्या नीला फुगून होणारे व्रण निराळे आणि खोल नीलेत गुठळी होऊन गेल्यावर होणारे, अधिक हट्टी व्रण निराळे, हा भेद स्पष्ट केला. बाळंतपणानंतर पाय पांढराफटक सुजला म्हणजे दूध पायात उतरले, असे युरोपातील लोक म्हणत. ती सूज दुधाची नसून गुठळीची होती, व त्याच पायास पुढे वर्षांनी व्रण पडे.

विसाव्या शतकाने पट्ट्यास गणित दिले. कॉनराड जोब्स्ट नावाचा अमेरिकेतील एक अभियंता स्वतःच ह्या रोगाने पीडित होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांस आराम वाटतो, हे त्याच्या ध्यानात आले. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक. म्हणजे घोट्याशी सर्वांत जास्त व वर कमी कमी, हाच तो हवा असलेला दाब! ह्या तत्त्वावर १९५० च्या सुमारास त्याने चढत्या क्रमाने सैल होत जाणारे मोजे तयार केले. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर ह्याने डुकरांवरील प्रयोगांनी असे दाखविले की ओलसर झाकून ठेवलेली जखम उघड्यावर सुकविलेल्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने त्वचा धरते. जखमेस वारा लागू द्यावा, खपली धरू द्यावी, ही पिढीजात समजूत त्यामुळे ढासळली. १९८० नंतरच्या दशकात लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात चार पदरी पट्टा सिद्ध झाला. त्याने घोट्याशी पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटर इतका दाब दिला जातो, व तो आठवडाभर टिकतो. हा पट्टा बांधण्याचे काम तेथे परिचारिकांकडे आले. आणि ज्या विद्येस हात मिळत नव्हता तिला अखेरीस हात मिळाला.

बिघडलेल्या नीलेवरच उपाय करावा, ह्या विचारासही आता पुरावा मिळाला आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडातील एका मोठ्या परीक्षेत, केवळ पट्टा बांधलेल्यांपैकी शेकडा २८ जणांचा व्रण वर्षभरात उलटला. पट्ट्याच्या जोडीस वरच्या नीलेवर शस्त्रक्रिया केलेल्यांत हेच प्रमाण शेकडा १२ होते. २०१८ मधील दुसऱ्या परीक्षेत नीला आतून लवकर बंद करणाऱ्या उपायाने व्रण भरण्याचा मध्यम काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला.

आता एक इशारा दिल्यावाचून पुढे जाणे अनुचित होईल. पायाचा प्रत्येक व्रण नीलेचा नसतो. रोहिणी अरुंद झाल्याने ज्या पायास मुळातच रक्त कमी पोहोचते, त्यावर घट्ट पट्टा बांधला तर पावलावर पाणी सोडण्याची पाळी येते. म्हणून आज पट्ट्याआधी घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल रोगातही घोट्याशी व्रण पडतात, आणि त्यांचे मूळ रक्तात असते. महारोग व मधुमेह ह्यांत तळव्याची संवेदना जाते, आणि खडा टोचला तरी माणूस त्यावरच चालत राहतो. महारोग्यांचे मांसच सडके असते, म्हणून त्यांचे व्रण भरत नाहीत, असे पूर्वी मानीत. १९४६ पासून वेल्लोर येथे काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी दाखवून दिले की ते मांस इतरांसारखेच भरते. फक्त वेदना नसल्यामुळे त्यास विसावा मिळत नाही. पायास साचा घालून भार काढला, पुढे मऊ तळव्याची पादत्राणे दिली, की हे व्रणही मिटत. नीलेच्या व्रणास दाब हवा, येथे दाब काढावयास हवा. उपाय उलट, परंतु धडा एकच. सुश्रुताने महारोगी व मधुमेही ह्यांचे व्रण कष्टाने बरे होतात असे सांगितले होते, आणि काही व्रणांस बंध बांधूच नये असेही बजावले होते, हे येथे स्मरते.

राहता राहिली त्वचेची निगा. जुन्या व्रणाभोवतालची त्वचा फार नाजूक व फार चिडखोर असते. सुगंधी मलमे, लोकरीची चरबी घातलेले लेप, काही प्रतिजैविक मलमे ह्यांनीच तिच्यावर पुरळ उठते, आणि रोग वाढला असे समजून आणखी मलम थापले जाते; अशा वेळी इलाज हाच रोग होऊन बसतो. स्वच्छ साध्या पाण्याने पाय धुणे, सुटतील तेवढ्या खपल्या व कोंडा हलकेच काढणे, गंधहीन साधे स्निग्ध द्रव्य लावणे, इतके बहुधा पुरे होते. निजताना पाय उशीवर उंच ठेवावा, जागेपणी घोटा हलता ठेवावा व चालावे. आणि व्रण मिटल्यावरही दाबाचा मोजा सोडू नये. कारण कातडी जुळली तरी झडपा जुळलेल्या नसतात.

हा इतिहास चाळताना मनास खंत वाटते ती अज्ञानाची नव्हे. पारेस जे कळले, वाइझमनने जे लिहिले, बेंटनने जे करून दाखविले, ते सारे उपलब्ध असता लक्षावधी माणसांनी आपली उमेदीची वर्षे चिंध्या बदलण्यात घालविली, आणि आमचे दैव असे म्हणून ती गोष्ट सोसली. आजही औषधांच्या दुकानात मलम मागताक्षणी मिळते. पाय तपासून नीट पट्टा बांधणारा हात मात्र शोधावा लागतो. ज्या घरी असा व्रण असेल तेथील माणसांनी, कोणते मलम चांगले, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवावा; व्रण कशामुळे पडला हे कोणी पाहिले आहे काय, हे आधी विचारावे. आणि ज्या परिचारिकेस वा वैद्यास ही बंधविद्या अवगत असेल तिने वा त्याने ती निदान एका तरुण हातास शिकवून ठेवावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.